हाना डेटाबेससाठी ईबीएस डिस्क: सगळं रॅममध्ये असताना डिस्क का रडवते?

चाकणचा_बेसिस

मंडळी, नमस्कार. चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एसएपी बेसिस, म्हणजे एसएपीच्या सर्व्हर-डेटाबेसची देखभाल, बघतो. आमचं एस/४हाना (कंपनीचं बिलिंग-हिशोब चालवणारं एसएपीचं सॉफ्टवेअर) नुकतंच सर्व्हर रूममधून उचलून एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये नेलं. मशीन आर६आय.१२एक्सलार्ज, म्हणजे ४८ व्हीसीपीयू आणि ३८४ जीबी रॅम. त्याचा डेटाबेस हाना २.०, खाली सुसे लिनक्स. मायग्रेशन करणाऱ्या पार्टनरने १.२ टीबीची एकच जीपी३ डिस्क (ईबीएस या एडब्ल्यूएसच्या क्लाउड डिस्कचा साधा प्रकार) लावली, तिच्यावर एक व्हॉल्यूम ग्रुप आणि त्यातच डेटा, लॉग, शेअर्ड (हानाच्या प्रोग्रॅम फाइल्स) तिन्ही. आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचन-लेखन) ३०००, थ्रूपुट (सेकंदाला किती माल) १२५ एमबी प्रति सेकंद. बॅकअप बॅकइंट या एसएपीच्या बॅकअप जोडणीने थेट एस३ या एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीवर जातो, त्याचा त्रास नाही.

त्रास दोन आहेत. महिनाअखेरीला बिलिंग रन चालू असताना मध्येच सगळं काही सेकंद गोठतं आणि आपोआप सुटतं. डिस्पॅचमधून लगेच फोन, "गाडी गेटवर उभी आहे, इनव्हॉइस निघत नाही." दुसरं, पॅचिंगनंतर हाना उठतो खरा, पण पहिला अर्धा तास कुठलाही रिपोर्ट उघडायला जीव जातो.

पार्टनर म्हणतो सगळं आयओ२ या महागड्या डिस्कवर न्या, १६,००० आयओपीएस घ्या. तो कोट सीएफओ साहेबांच्या टेबलावर गेला आणि त्यांनी मला बोलावून विचारलं, "डेटाबेस मेमरीत चालतो म्हणून एवढी रॅम घ्यायला लावलीत ना? मग डिस्कचे पैसे पुन्हा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्यांना पटेल असं काय सांगू? आणि जीपी३ वर भागेल का?

रेडो_लॉग

गोठतं ते साधारण दर पाच मिनिटांनी का? हानाच्या एम_सेव्हपॉइंट्स व्ह्यूमध्ये सेव्हपॉइंटची (बदल डिस्कवर उतरवण्याची) क्रिटिकल फेज, म्हणजे राइट रोखून धरण्याचा वेळ, किती लांबते ते बघा. एसएपी नोट १९६९७०० मधल्या एसक्यूएल स्क्रिप्ट्स उतरवून घेतल्यात तर हाताने क्वेरी लिहायची गरज नाही. त्याच वेळेचा क्लाउडवॉचचा (एडब्ल्यूएसचं मोजमाप टूल) ग्राफही टाका. आकडे नसताना आयओ२ घेणं म्हणजे ताप न मोजता सलाईन लावणं.

चाकणचा_बेसिस

बरोबर पकडलंत, पाच-पाच मिनिटांनीच. क्लाउडवॉचवर त्या वेळी थ्रूपुट १२५ ला जाऊन सपाट होतंय आणि लॉगच्या राइटला एरवीच्या कितीतरी पट वेळ लागतोय. डेटा व्हॉल्यूममध्ये भरलेला माल साधारण २०० जीबी.

पाषाण_रोड

मग निदान झालंच. आता सविस्तर लिहितो, सीएफओंना यातलं पहिलंच पुरेल.

हाना टेबलं रॅममध्ये ठेवतो हे खरं, पण वीज गेली की रॅम कोरी. म्हणून दोन गोष्टी डिस्कवर जातातच. कुणी इनव्हॉइस सेव्ह केलं की त्याचा रेडो लॉग, म्हणजे बदलाची नोंद, डिस्कवर पोचल्याशिवाय कमिट पूर्ण होत नाही. माणूस स्क्रीनसमोर बसून त्या राइटची वाट बघत असतो. आणि दर ३०० सेकंदांनी सेव्हपॉइंट होतो, म्हणजे तोवर बदललेली सगळी पानं डेटा व्हॉल्यूमवर उतरतात. तुमच्याकडे ही दोन्ही कामं एकाच डिस्कवर आहेत. सेव्हपॉइंट सुरू झाला की तो १२५ एमबीची सगळी वाट अडवतो, लॉगचे छोटे छोटे राइट त्याच्या मागे तुंबतात आणि डिस्पॅचचा फोन येतो. रॅम कितीही घ्या, यात फरक पडणार नाही.

अर्ध्या तासाचंही हेच. रीस्टार्टनंतर कॉलम टेबलं डिस्कवरून परत वर चढतात. २०० जीबी भागिले १२५ एमबी, म्हणजे सत्तावीस मिनिटं. तुमचा "पहिला अर्धा तास" नेमका इथून आलाय.

एसएपीची अपेक्षा काय असते तेही सांगतो. लॉगवर ४ आणि १६ केबीच्या राइटला १ मिलिसेकंदाच्या आत उत्तर, लॉगचं थ्रूपुट किमान २५० एमबी प्रति सेकंद. डेटावर मोठ्या ब्लॉकचं वाचन ४०० आणि लेखन २५०. तुमची डिस्क तिघांत मिळून १२५ देते. प्रॉडक्शनला हे चाललं कसं, हे पार्टनरला विचाराच. डिस्क लावताना डीफॉल्ट आकडे तसेच सोडून दिलेत, एवढंच झालंय. जीपी३ मध्ये साइझ, आयओपीएस आणि थ्रूपुट वेगवेगळे विकत घ्यायचे असतात. जुन्या जीपी२ मध्ये साइझ वाढवली की आयओपीएस आपोआप वाढायचे, ती सवय अजून कित्येकांची गेलेली नाही.

आता मी काय केलं असतं:

आज रात्रीच, आहे त्या डिस्कचं थ्रूपुट १२५ वरून ५०० करा. चालू सिस्टिमवर होतं, हाना बंद करावा लागत नाही. जीपी३ ला दर आयओपीएसमागे ०.२५ एमबीपर्यंत थ्रूपुट घेता येतं, म्हणजे ३००० आयओपीएसवर ७५० पर्यंत जागा आहे, आयओपीएसला हात लावायची गरजच नाही. जास्तीच्या थ्रूपुटचे पैसे पडतात, पण आयओ२ च्या कोटाशेजारी ते ठेवून बघा.

मग पुढच्या डाउनटाइममध्ये डिस्क वेगळ्या करा. डेटासाठी २५० जीबीच्या दोन जीपी३, प्रत्येकी ३००० आयओपीएस आणि ३०० एमबी, एलव्हीएमने (लिनक्सची डिस्क जोडण्याची सोय) स्ट्राइप, म्हणजे माल दोन्हींवर तुकड्यांत वाटून, स्ट्राइप साइझ २५६ केबी. लॉगला स्वतंत्र व्हॉल्यूम ग्रुप. लॉगची साइझ ५१२ जीबी रॅमपर्यंत रॅमच्या निम्मी धरतात, म्हणजे तुम्हाला १९२ जीबी. थ्रूपुट ३००. लॉगलाही दोन डिस्क घेतल्यात तर स्ट्राइप ६४ केबी. शेअर्डला ३८४ जीबीची साधी जीपी३, तिथे डीफॉल्ट आकडे चालतात. फाइलसिस्टिम सगळीकडे एक्सएफएस.

बेरीज करा: ६०० अधिक ३०० अधिक १२५, हजाराच्या किंचित वर. हे तपासायचं कारण असं की मशीनलाही ईबीएसची स्वतःची मर्यादा असते. तुमच्या १२एक्सलार्जला १५ गिगाबिट, म्हणजे सुमारे १८७५ एमबी प्रति सेकंद. त्यापलीकडे डिस्कवर कितीही पैसे ओता, मशीनच अडवणार. पार्टनरच्या कोटात ही ओळ शोधून बघा, बहुतेक सापडणार नाही.

एक छोटी गोष्ट, पण रात्री दोन वाजता रडवणारी. नायट्रो, म्हणजे एडब्ल्यूएसच्या नव्या पिढीच्या, मशीनवर एनव्हीएमई डिस्कचे नंबर रीबूटनंतर बदलू शकतात. एफएसटॅब या डिस्क जोडणीच्या फाइलमध्ये लॉजिकल व्हॉल्यूमचा पाथ किंवा यूयूआयडी द्या, डिव्हाइसचं नाव देऊ नका.

चाकणचा_बेसिस

सर, फार आभार. भागाकार करून दाखवलात तो तसाच सीएफओंना दाखवतो. दोन शंका. लॉग नवीन डिस्कवर हलवायचा तर हाना चालू असताना जमेल का? आणि जीपी३ वर १ मिलिसेकंद मिळेल याची खात्री काय?

पाषाण_रोड

एलव्हीएमच्या पीव्हीमूव्हने चालू सिस्टिमवर हलवता येतं, पण जुन्याच मांडणीचं ओझं नवीन डिस्कवर जातं, स्ट्राइप काही मिळत नाही. मी तरी हाना बंद करून, आधी पूर्ण बॅकअप घेऊन, आरसिंकने कॉपी करून नवीन माउंट लावतो. फाइल्सची मालकी एसआयडी-एडीएम या हानाच्या युजरचीच राहिली ना, ते बघायचं. १.२ टीबीची जुनी डिस्क लहान करता येणार नाही. सगळं हलवून झालं की ती डिलीट करायची, पण एक महिनाअखेर सुखरूप गेल्यावरच.

खात्री माझ्या शब्दावर घेऊ नका. एसएपीचं एचसीएमटी हे डिस्कचा वेग मोजणारं टूल नवीन मांडणीवर चालवा, हाना बंद असताना. लॉगचे आकडे बसले नाहीत तर फक्त लॉग आयओ२ वर न्या. दोनशे जीबीच्या एका डिस्कचे पैसे आणि सगळ्याच डिस्कचे पैसे, यात फरक आहे. आयओ२ ची ड्युरॅबिलिटी, म्हणजे डेटा टिकण्याची खात्री, जास्त आहे हे मात्र खरं, ९९.९९९ टक्के. तुमच्या ऑडिटरला ते हवं असेल तर तो वेगळा मुद्दा, त्याला वेगाच्या नावाखाली विकू नये.

हिंजवडी_फेज२

आम्ही मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडवर, सेंट्रल इंडिया म्हणजे आपल्या पुण्यातलंच रीजन. तत्त्व तेच, नावं वेगळी. आमच्या एम-सिरीज मशीनवर प्रीमियम एसएसडीच्या लॉग डिस्कला राइट ॲक्सिलरेटर (राइट वेगवान करणारी सोय) लावावा लागतो, तेव्हा कुठे मिलिसेकंदात बसतं. ही सोय एम-सिरीजपुरतीच आहे. प्रीमियम एसएसडी व्ही२ मात्र जीपी३ सारखीच, ३००० आयओपीएस आणि १२५ एमबी साइझच्या किमतीत, वरचं वेगळं घ्यायचं. १२५ चा आकडा तिथेही तसाच पडून राहिलेला मी पाहिलाय.

रीस्टार्टच्या वेळेसाठी फास्ट रीस्टार्ट ऑप्शनपण बघा, २.० एसपीएस ०४ पासून आहे. कॉलम टेबलांचा मुख्य भाग टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममधल्या फाइलसिस्टिममध्ये, राहतो. फक्त हाना रीस्टार्ट केला तर पटकन उठतो. कर्नल पॅचसाठी मशीन रीबूट केलंत तर उपयोग शून्य.

रेडो_लॉग

क्वालिटी (चाचणीची) सिस्टिम स्नॅपशॉटवरून, म्हणजे डिस्कच्या एका क्षणाच्या प्रतीवरून, बनवणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. स्नॅपशॉटवरून काढलेली ईबीएस डिस्क लगेच दिसते, पण ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून एस३ मधून येतात. त्यावर हाना सुरू केला की पहिलं लोडिंग रांगतं, मग कुणीतरी म्हणतं ५०० एमबी घेऊनही उपयोग नाही. आधी पूर्ण डिस्क एकदा वाचून काढा, नाहीतर फास्ट स्नॅपशॉट रीस्टोअर घ्या, त्याचे पैसे वेगळे. आणि स्ट्राइप असेल तर दोन्ही डिस्कचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे हवेत, मल्टी-व्हॉल्यूमवाला पर्याय वापरा.

त्याच क्वालिटीवर लॉग मोड नॉर्मल (बॅकअप होईपर्यंत लॉग राखून ठेवणारा) ठेवून लॉग बॅकअप लावायचं राहिलं, तर लॉग व्हॉल्यूम भरतो आणि हाना जागच्या जागी थांबतो. डिस्क कितीही वेगवान असो.

चाकणचा_बेसिस

थ्रूपुट काल रात्री ५०० केलं. आज दुपारी बिलिंग रन मुद्दाम लावून बघितला. सेव्हपॉइंटला किंचित अडखळतं, पण डिस्पॅचचा फोन आला नाही. डिस्क वेगळ्या करायला येत्या रविवारचा डाउनटाइम मागितलाय, एचसीएमटी त्याच दिवशी चालवतो. सीएफओ साहेबांनी भागाकार स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितला आणि पार्टनरला मीटिंगला बोलावलंय. १५ गिगाबिटची ओळ कोटात नव्हती.