पाठ करून लिहिलेल्या निबंधाला पूर्ण गुण द्यावेत का?

शाईची_दौत
मुलगा यंदा दहावीला आहे. मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक लिहायचं, ८ गुण. शाळेतून तिन्ही प्रकारांचे 'संभाव्य' निबंध लिहून दिलेत, पाठ करायला. वहीत 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' वाचलं. सुरुवात, "दचकलास ना? होय, मीच बोलतोय!" मग वैभवाचे दिवस, मग अडगळीची खोली, शेवटी "आम्हाला जपा". पान उलटलं तर 'पडक्या किल्ल्याचे मनोगत', सांगाडा तोच. पोरगा गेल्या पावसाळ्यात राजमाचीला जाऊन आला. तिथली पाण्याची टाकी, चिखलात रुतलेला बूट, यातलं निबंधात काही नाही. म्हणतो, "असलं लिहिलं तर गुण जातील." माझं स्पष्ट मत, पाठ केलेला निबंध दिसला की निम्मे गुण कापावेत.

सातपुड्यातले_गुरुजी
ताई, मी याच्या पूर्ण विरोधात आहे. मी धडगावकडे शिकवतो. पोरांच्या घरी पावरी बोलतात, मराठी त्यांना शाळेतच भेटते. निबंध कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, हे त्यांना पाठ केलेल्या नमुन्यातूनच कळतं. गुण कापलेत तर पहिला फटका याच मुलांना बसेल. घरात पुस्तकांचं कपाट असलेली मुलं तरून जातील.

शाईची_दौत
गुरुजी, अडचण पटते. पण मग शब्द द्या, वाक्यं कशी जोडायची ते दाखवा. अख्खा निबंध कशाला? जून ते मार्च दुसऱ्याचीच वाक्यं गिरवली, तर स्वतःचं वाक्य ते पोर लिहिणार कधी?

लाल_पेन
वर्षानुवर्षं पेपर तपासलेत म्हणून सांगते. गठ्ठ्यात ओळीने तेच "दचकलास ना" येतं, वाईट वाटतं. पण कोणत्या आधारावर गुण कापू? पाठांतर म्हणजे कॉपी नव्हे. शुद्धलेखन नीट, विषय धरून लिहिलंय, तर मला गुण द्यावेच लागतात. दोष प्रश्नातही शोधा. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा आत्मकथनाला मुद्दे द्यायला लागले, प्रसंगलेखनाला कार्यक्रमाची सूचना देऊन 'तुम्ही तिथे हजर होता' अशी कल्पना करायला लावली. मुलांनी स्वतः विचार करावा म्हणूनच ना? गाईडवाल्यांनी त्या मुद्द्यांचेही साचे पाडले.

उंबरठा
आत्मकथनावर एवढी चर्चा, वैचारिक लेखनाचं काय? माझ्या मते खरं नुकसान तिथे होतंय. 'मोबाईल : शाप की वरदान' आला की अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे आणि शेवटी "ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे". बाजू कुणी घेतच नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली ती ठाम बाजू घेऊन भांडण्यासाठीच. त्यांची मतं पटोत न पटोत, मराठी निबंध असा उभा राहिलाय. शाळेतून तो रगच काढून टाकलाय. गुण कापायचेच तर बाजू न घेणाऱ्याचे कापा.

लाल_पेन
पंधरा वर्षांच्या पोराने बाजू घेतली आणि तपासणाऱ्याला ती आवडली नाही, तर? पालक याच भीतीने "मधलं लिही" सांगतात. भीती अगदीच खोटी नाही.

सातपुड्यातले_गुरुजी
एक सांगतो, मग माझ्यावर तुटून पडा. सातवीच्या वर्गाला 'हातपंपाचे मनोगत' दिलं, नमुना न देता. बरीच मुलं दोन ओळींवर अडली. एका मुलीने मात्र लिहिलं, "उनाळ्यात मला सगळे जास्त हालवतात आणि मी कमी पाणी देतो. मग बाया मला शिव्या देतात." शुद्धलेखनाचे गुण गेले. पण ते वाक्य कुठल्याच गाईडात मिळणार नाही, हे मलाही कळतं.

शाईची_दौत
मग गुरुजी, आपलं भांडण उरलं कुठे? त्या मुलीला दहावीत "दचकलास ना" पाठ करायला लावणार का?

सातपुड्यातले_गुरुजी
लावणार. आठवीपर्यंत हातपंपच लिहून घेईन, व्याकरण नंतर बघू. पण दहावीला नापास झाली तर पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरतं. ८ गुणांचा हा जुगार मी तिच्या जिवावर खेळणार नाही. बोर्डाने आधी हातपंपाच्या त्या वाक्याला गुण द्यायचं ठरवावं, नमुना मी त्या दिवशी बंद करतो.