जोएल सेलवूड रिटायर होतोय, मुलाला त्याला पत्र लिहायचंय, काय लिहावं?

कॉरिओकाठी

नमस्कार मंडळी. आम्ही जिलाँगला (मेलबर्नजवळ) राहतो, आठ वर्षं झाली. शनिवारी कॅट्सनी, म्हणजे जिलाँगच्या टीमने, २०२२ ची फूटीची (ऑस्ट्रेलियन फुटबॉलची) ग्रँड फायनल मारली आणि आज बुधवारी कॅप्टन जोएल सेलवूडने सांगून टाकलं की बास, आता थांबतो. कप जिंकून चार दिवस पण नाही झाले हो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटीला) जातो, गर्न्सीवर (जर्सीवर) सेलवूडचाच १४ नंबर, सध्या शाळेला सुट्टी आहे त्यामुळे घरीच होता, बातमी टीव्हीवर बघितली आणि जाऊन पलंगावर पालथा पडला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. उठला तेव्हा म्हणाला मला त्याला पत्र लिहायचंय, पण थँक्यू नाही लिहिणार, थँक्यू तर सगळेच लिहितील.

आता मी क्रिकेटवर वाढलेली. फूटी मला इथे आल्यावर आणि ती पण मुलामुळे कळायला लागली, आमचा इथला पहिला पूर्ण सीझन २०१५ आणि नेमका त्याच वर्षी टीम फायनल्सला, म्हणजे शेवटच्या बाद फेरीला, गेली नव्हती, त्यामुळे त्याच्या आधीचा सेलवूड मला माहीतच नाही. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना मार्क काय, बिहाइंड काय, काही कळत नाही, पण त्याला बरोबर ओळखतात, "तो डोक्याला पट्टीवाला" म्हणतात आणि तो खाली पडला की पदर तोंडाशी धरतात.

तर तुम्हा जुन्या लोकांना विचारायचं होतं. त्याचं नाव घेतलं की तुम्हाला पहिलं काय आठवतं? रेकॉर्ड नकोत, म्हणजे सांगा पण नुसते नकोत. पोरगं तुमचं सगळं वाचून मग लिहिणार आहे.

जुनास्टँडवाला

ताई, मी २००६ ला डीकिन युनिव्हर्सिटीला शिकायला आलो, कार्डिनिया पार्कच्या, म्हणजे कॅट्सच्या मैदानाच्या, आवाजाच्या अंतरावर खोली होती, म्हणून लिहितो.

आधी हे समजून घ्या की तेव्हा हे गाव कसं होतं. १९६३ नंतर कप नाही. चव्वेचाळीस वर्षं. म्हातारी माणसं पब्लिक बसमध्ये शांतपणे सांगायची की मी मरायच्या आधी एक बघायचाय. आणि त्या २००६ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) सातव्या नंबरला हा बेंडिगोचा पोरगा घेतला, गुडघ्याचं दुखणं होतं म्हणून बाकी टीम जरा बिचकल्या होत्या असं तेव्हा सगळे बोलायचे. २००७ च्या पहिल्याच मॅचला अठरा वर्षांचा हा मैदानात. वर्ष संपलं तेव्हा रायझिंग स्टार, म्हणजे सगळ्यात चांगला नवा खेळाडू, हाच, आणि ग्रँड फायनलला पोर्ट अ‍ॅडलेडला ११९ पॉइंटने धुतलं, ग्रँड फायनलमधला सगळ्यात मोठा फरक आजही तोच आहे. मग २००९, मग २०११. पाच वर्षांत तीन कप. आम्हाला वाटलं हे असंच चालतं.

२०१२ ला, आधीचा कॅप्टन कॅमरन लिंग रिटायर झाल्यावर, हा कॅप्टन झाला आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते, ती तुमच्या मुलाला सांगा. २०१३ ची प्रिलिम (ग्रँड फायनलच्या आधीची मॅच, सेमीफायनलसारखी) हॉथॉर्नकडून ५ पॉइंटने गेली. २०१६ ची सिडनीकडून. २०१७ ची अ‍ॅडलेडकडून. २०१९ ची रिचमंडकडून. २०२० ला ग्रँड फायनलपर्यंत गेलो, ती कोविडमुळे ब्रिस्बेनला गॅबावर झाली, ती पण रिचमंडनेच नेली. २०२१ ची प्रिलिम मेलबर्नकडून ८३ पॉइंटने, ती तर बघवत नव्हती. जवळपास दरवर्षी सप्टेंबरमध्ये दारापर्यंत जायचं आणि दार बंद. सगळे म्हणायचे टीम म्हातारी झाली, मोडा आता, नवी पोरं आणा. आणि दरवर्षी मार्चमध्ये हा माणूस परत पहिल्या बाउन्सला, मॅच सुरू होताना, तसाच उभा, जसं काही मागच्या वर्षी काही झालंच नाही. कॅप्टन म्हणून पहिला कप मिळायला त्याला अकरा सीझन लागले. मला तीन कपांपेक्षा ती मधली दहा वर्षं आठवतात.

आकडे म्हणाल तर ३५५ मॅच, २०२२ पर्यंत आपल्या क्लबमध्ये सगळ्यात जास्त, कॅप्टन म्हणून २४५, आधीचा रेकॉर्ड कार्लटनच्या कर्नाहनचा २२६ होता. शनिवारची त्याची चाळिसावी फायनल, हॉथॉर्नच्या मायकल टकच्या ३९ च्या पुढे गेला. सहा वेळा ऑल ऑस्ट्रेलियन, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम टीममध्ये. एवढं पुरे.

तपकिरीपिवळा

मी हॉथॉर्नचा आहे, तरी लिहू दे. २०१३ ची ती प्रिलिम मी एमसीजीत बघितली, त्याच्या आधी तुम्ही आम्हाला सलग ११ वेळा हरवलं होतं, २००८ ची ग्रँड फायनल आम्ही जिंकल्यापासून, तेव्हा त्या पाच पॉइंटची किंमत आम्हाला विचारा.

खरं सांगतो, सेलवूड मला कधीच आवडला नाही, खेळत असताना. बॉल घेतला की खांदा असा खाली टाकायचा की टॅकल करणाऱ्याचा हात वर सरकून मानेवर जायचा, की वाजली शिट्टी, हाय टॅकल, फ्री किक सेलवूड. आमच्या स्टँडमध्ये त्याच्या नावाने जे काय ओरडायचे ते तुमच्या मुलाला सांगण्यासारखं नाही. ह्याच वर्षी मधेच लीगने अंपायरना सांगितलं की खेळाडूने स्वतःच टॅकल वर ढकललं तर फ्री किक द्यायची नाही, तेव्हा आम्ही म्हणालो दहा वर्षं उशीर केलात.

पण एक गोष्ट मी मान्य करतो आणि मनापासून करतो. बॉल जमिनीवर असेल आणि समोरून दोन माणसं येत असतील तर अर्ध्या सेकंदाचा हिशोब प्रत्येकजण करतो, आमचे पण करायचे, भले भले करायचे. हा करायचा नाही. शेवटची पाच मिनिटं असली आणि आम्ही दहा पॉइंटने पुढे असलो तरी माझी नजर घड्याळाकडे नसायची, १४ नंबर कुठे आहे तिकडे असायची. दुसऱ्या टीमच्या माणसाची एवढी भीती मला परत वाटणार नाही. तुमच्या मुलाने हे लिहिलं तरी चालेल, की एका हॉथॉर्नवाल्याला तू गेल्याचं बरं वाटलं आणि वाईटपण वाटलं.

फिजिओ_मेलबर्न

मी थोडं वेगळं बोलणार आहे, कुणाला लागलं तर माफ करा. माझं कामच लागलेल्या खेळाडूंचं आहे, लोकल क्लबच्या, आणि त्यात चौदा पंधरा वर्षांची पोरं खूप.

ह्या खेळात रक्त आलं की बाहेर जावं लागतं, रक्त थांबवून झाकल्याशिवाय परत आत नाही. सेलवूडचं किती वेळा झालं ते मोजायला नको, बाहेर यायचा, डॉक्टर शिवायचे किंवा पट्टी गुंडाळायचे, आणि हा उभ्या उभ्या मैदानाकडे बघत असायचा की कधी सोडताय. लोक तो फोटो फ्रेम करून लावतात. मला पण तो माणूस आवडतो, खूप आवडतो, पण कातडी फाटणं वेगळं आणि डोक्याच्या आत मार बसणं वेगळं, आणि पोरांना ते दोन्ही एकच वाटतं. माझ्याकडे येणारी पोरं चक्कर येत असताना सांगतात "मी ठीक आहे, सेलवूड पण खेळला असता."

ताई, तुमचा मुलगा नऊचा आहे. पत्रात त्याच्या रक्ताचं कौतुक नका लिहायला लावू, एवढीच विनंती. बाकी खूप आहे लिहायला.

जुनास्टँडवाला

@फिजिओ, हे मी मान्य करतो पण अर्धंच. धाडस आणि पट्टी ही एकच गोष्ट नाही हे बरोबर. पण नऊ वर्षांच्या पोराला तो का आवडतो, तर तो घाबरत नाही म्हणूनच ना. ते पत्रातून काढलं तर उरणार काय, चांगला माणूस होता एवढंच?

फिजिओ_मेलबर्न

काढा असं नाही म्हणत मी. "तू घाबरला नाहीस" लिहा. "तू रक्तात खेळलास" नको. माझ्या दृष्टीने ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

रांग_३_एमसीजी

मी शनिवारी आत होते म्हणून मीच सांगते, आणि लांबण लागणार आहे.

मॅच अशी झालीच नाही, पहिल्या क्वार्टरलाच सिडनीच्या ३५ पॉइंटने पुढे होतो आणि शेवटी ८१ ने जिंकलो, १३३ ला ५२. त्यामुळे बघायला वेळ होता, म्हणजे माणसं बघायला. मी पहिल्यापासून त्यालाच बघत होते कारण आमच्या आजूबाजूला कुजबुज होती की ही शेवटची असणार.

सुरुवातीला बॅनर असतो ना कागदाचा, चीअर स्क्वॉडने रात्र रात्र बसून केलेला, टीम तो फाडून आत येते, कॅप्टन पुढे. तर हा येतो तो कडेवर लहान मूल घेऊन. आपल्या जुन्या खेळाडूचा, गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनिअरचा मुलगा, तो छोटा आजारी आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. लाखभर माणूस ओरडतंय, ग्रँड फायनल आहे, ह्याची अकरा वर्षं टांगणीला लागलेली, आणि हा त्या मुलाला छातीशी धरून सावकाश चालतोय की कागद त्याच्या तोंडाला लागू नये. माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ होते, ते तिथेच रडायला लागले, अजून बॉल पण टाकला नव्हता.

मग शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याने गोल मारला. मॅच कधीच संपली होती, तो गोल नसता झाला तरी काही बिघडत नव्हतं. पण आख्खी टीम अशी धावत आली त्याच्याकडे जशी त्या सहा पॉइंटवरच कप होता, आणि तेव्हा मला कळलं की ह्यांना माहीत आहे. त्यांना माहीत होतं हो. त्याने बुधवारी सांगितलं, पण मला तरी शनिवारीच कळलं होतं.

सायरन झाला आणि त्यानंतरचं मी आयुष्यभर विसरणार नाही. आपल्या टीमला पाणी देणारा एक मुलगा आहे, डाउन सिंड्रोम आहे त्याला, क्लबचा लाडका. सेलवूड कुंपणाकडे गेला आणि त्याला आत मैदानात घेऊन आला, मिठी मारली, आणि तो मुलगा इतका रडला, इतका हसला, की मोठ्या स्क्रीनवर ते दिसल्यावर सिडनीवाले पण टाळ्या वाजवत होते. आणि मेडल घालायला ऑसकिकची छोटी मुलं असतात दरवर्षी, तर ज्याने ह्याला मेडल घातलं त्याला ह्याने पायातले बूट काढून देऊन टाकले. शेवटच्या मॅचचे बूट. कुठल्या तरी काचेच्या कपाटात जायला हवे होते ते, आणि ते एका पोराच्या हातात गेले.

तेव्हा ताई, मुलाला सांगा की रेकॉर्ड काही असू देत, त्या दिवशी सगळं जग त्याच्याकडे बघत होतं आणि तो तीन लहान मुलांकडे बघत होता. म्हणजे पाणी देणारा मुलगा तसा लहान नाही, पण तुम्हाला समजलं मला काय म्हणायचंय.

बेंडिगोकर

फार नाही लिहीत, बाकीच्यांनी छान लिहिलंय. फक्त एवढं की ते चार भाऊ, ट्रॉय आणि अ‍ॅडम जुळे, मग हा, मग स्कॉट, आणि चौघंही एएफएल, म्हणजे फूटीची मोठी लीग, खेळले. ट्रॉय ब्रिस्बेनला, अ‍ॅडम वेस्ट कोस्टला, स्कॉट आधी वेस्ट कोस्टला आणि मग जिलाँगला ह्याच्याच टीममध्ये. आमच्याकडे बेंडिगोत एखादं पोर दुसऱ्याला पाडून परत हात देऊन उठवतं ना, की कुणीतरी मोठं माणूस म्हणतंच, सेलवूडांच्या घरचा दिसतोय.

कॉरिओकाठी

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, सासूबाईंना कुठे कुठे समजावून सांगावं लागलं, बूट दिल्याचं आलं तेव्हा त्या म्हणाल्या परत वाच.

फिजिओताई, तुमचं मला पटलं, आणि खरं म्हणजे मी आधी तो पट्टीवालाच फोटो चिकटवणार होते पत्रावर, तो काढला. मुलाशी पण बोलले. तो म्हणाला आमचे कोच पण सांगतात डोक्याला लागलं की लगेच हात वर करायचा. म्हणजे त्याला माहीत होतं, मलाच सांगायचं राहिलं होतं.

पत्र झालं आज. इंग्लिशमध्येच आहे कारण वाचणार तो, पण आधी त्याने मराठीत सांगितलं आणि मी लिहून घेतलं, ते इथे देते, शब्द त्याचेच आहेत:

"डिअर जोएल, मी नऊ वर्षांचा आहे आणि माझा पण नंबर १४ आहे. तू कॅप्टन झाल्यावर पाच वेळा प्रिलिम हरलास आणि एकदा ग्रँड फायनल हरलास आणि तरी परत आलास, हे मला काल कळलं. मी एक मॅच हरलो तरी मला ऑसकिकला जावंसं वाटत नाही. आता मी जाईन. एक हॉथॉर्नचे काका आहेत त्यांना तुझी भीती वाटायची. मला तू त्या छोट्या मुलाला हळू घेऊन आलास ते सगळ्यात आवडलं. माझी आजी म्हणते आता डोक्याला तेल लाव आणि झोप. तिला फूटी कळत नाही पण तू पडलास की ती रडते."

तेलाचं काय समजेल त्याला माहीत नाही, पण खोडू नको म्हणाला. पाकीट उद्या कार्डिनिया पार्कला आम्ही स्वतःच नेऊन देतोय, सासूबाईंना पण यायचंय, त्यांनी अजून ते मैदान आतून बघितलं नाहीये.