मदत हवी आहे: एजीटी एन्झाइमचा पिवळा रंग प्युरिफिकेशनमध्ये उडतो

नमस्कार मंडळी,

पीएलपीवर (पायरिडॉक्सल फॉस्फेट, बी६ जीवनसत्त्वाचं कामाचं रूप; एन्झाइमला जोडलेलं असलं की पिवळा रंग देतं) चालणारी एन्झाइम कुणी हाताळली असतील तर कृपया सांगा, मी अडकले आहे.

काम एजीटीवर आहे, म्हणजे अ‍ॅलनिन-ग्लायऑक्झिलेट अमिनोट्रान्सफरेज. यकृताच्या पेशीत, पेरॉक्सिसोममध्ये हे ग्लायऑक्झिलेटचं ग्लायसिन करतं. ते कमी पडलं की ऑक्झलेट वाढतं, कॅल्शियमबरोबर मूत्रपिंडात साठतं आणि पुढे किडनीच निकामी होऊ शकते. प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया टाइप १ हा आजार तो हाच.

मी प्रोटीन ई. कोलायमध्ये हिस-टॅग (निकेलला चिकटणारी छोटी शेपटी) लावून बनवते. बदल नसलेलं एजीटी निकेल कॉलमवरून उतरतं तेव्हा लिंबाच्या सालीसारखं पिवळं असतं, ४२३ नॅनोमीटरला एन्झाइमवर बसलेल्या पीएलपीचा ठसठशीत पीक येतो. जी१७०आर म्युटंटचं (१७० व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन) मात्र जेलवर ४३ किलोडाल्टनजवळ स्वच्छ बँड, आणि नळीतलं द्रावण जवळपास बिनरंगी! ४२३ चा पीक नावापुरता.

हा म्युटेशनचा गुण आहे असं मला वाटत नाही. पी११एल (११ व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन) या बदलाच्या जोडीने जी१७०आर असलं की मुख्य दोष म्हणजे एन्झाइम पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकाँड्रियात जातं. शुद्ध केल्यावर ते बऱ्यापैकी काम करतं. म्हणजे पीएलपी माझ्याच पायऱ्यांत सुटत असावं. ट्रिस बफर मुद्दाम टाळलंय, त्याचा अमिनो गट पीएलपीशी जुळतो. सगळं पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७.४ मध्ये. लायसिस बफरमध्ये १०० मायक्रोमोलर पीएलपी आहे, वॉश आणि ३०० मिलिमोलर इमिडाझोलच्या इल्यूशनमध्ये नाही.

तिथेही घालावं का? घातलं तर मोकळ्या पीएलपीचा ३८८ चा पीक सगळं झाकून टाकतो. हे मोकळं पीएलपी काढायला डायलिसिस बरं की डीसॉल्टिंग कॉलम? रात्रभर डायलिसिसला ठेवलं की म्युटंट गढूळ होतं, म्हणून भीती वाटते.

दुसरी अडचण अ‍ॅसेची. एन्झाइमने किती काम केलं हे कळायला, तयार झालेलं पायरुव्हेट एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे दुसरं एन्झाइम) आणि त्याला लागणारं एनएडीएच वापरून ३४० नॅनोमीटरला मोजते. पण एलडीएच ग्लायऑक्झिलेटवरही काम करतं, त्यामुळे सलग मोजता येत नाही. टीसीएने (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने) रिअ‍ॅक्शन थांबवून, पीएच परत वर आणून मग मोजते. तरी उरलेल्या ग्लायऑक्झिलेटमुळे रीडिंग हळूहळू घसरतच राहतं. हा शेवटचा उतार मागे शून्य मिनिटापर्यंत वाढवून वजा केला तर चालेल ना? की एन्झाइम नसलेला ब्लँकच खरा धरावा?

घाई एवढ्यासाठी की जी१७०आर असलेल्या अनेक रुग्णांना बी६ जीवनसत्त्वाचा, म्हणजे पायरिडॉक्सिनचा उपयोग होतो. एन्झाइमवर पीएलपी किती बसलंय हेच नीट मोजता आलं नाही, तर माझ्या पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही.

स्पेक्ट्रम आणि जेलचे फोटो हवे असतील तर लगेच टाकते.