फुगडीवाल्या मुली आणि आम्ही घुमटवाले

एकांनी लिहिलंय की गोव्यातलं तरुणपण म्हणजे बीट ग्रुप (पाश्चात्त्य गाण्यांचे बँड) आणि चर्चच्या फेस्ताची, म्हणजे सणाची रात्र. असेल. आमचं मात्र फोंड्याकडच्या एका वाड्यावरच्या आरती मंडळात गेलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की रोज रात्री घराघरांत आरत्या, कोकणी बोलणारे आम्ही सगळे आरत्या मात्र मराठीत म्हणणार! सहा घुमटं (मडक्यासारखं तालवाद्य), एक शामेळ (साथीचा ढोल), कासाळे (झांजा). घुमटाचं मोठं तोंड कातड्यानं मढवलेलं, उजव्या हातानं त्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं मागचं लहान तोंड झाकत-उघडत नाद वळवायचा. हे जमायला मला दोन चवथी लागल्या.

घुमट मातीचं. एकदा पावसात शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो, मला खरचटलंही नाही, पण घुमटाची खापरं झाली. मंडळाचे बुवा काही बोलले नाहीत, वर्षभर मला कासाळे दिले. तो अपमान अजून आठवतो.

पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. जुने वादक नाक मुरडतात, पण घोरपडी मारण्यापेक्षा हे बरं असं माझं मत. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

आणि फुगडी! आरती संपली की मुली माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली, फेर धरायच्या. आम्ही तेव्हा पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेलं गोड) खायचं निमित्त करून मुद्दाम रेंगाळायचो. त्यातलीच एक आता घरी मला ताल चुकला की सांगते.