मदत हवी आहे: सिरिंज पंपांच्या बॅटऱ्या कधी बदलाव्यात?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात बायोमेडिकल विभाग बघतो. एकाच मॉडेलचे 46 सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगाने हळूहळू देणारी यंत्रं) आहेत. तीन वर्षांत 9 बॅटऱ्यांनी दगा दिला. शेवटची तर पेशंटला आयसीयूतून सीटी स्कॅनला नेताना, लिफ्टमध्ये. स्क्रीनवर बॅटरी फुल आणि पंप बंद! सिस्टरने जादा पंप सोबत घेतला होता म्हणून निभावलं. एफएमईए तक्त्यात (संभाव्य बिघाडांना धोक्याप्रमाणे गुण देतात तो) मी डिटेक्शनला 10 पैकी 3 दिले होते (बिघाड आधी कळणं जितकं अवघड, तितके गुण जास्त), त्या दिवशी गुपचूप 8 केले.

आता साहेब विचारतात, सगळ्याच बदलायच्या की बिघडेल तशी एकेक? वायबुल (बिघाडांच्या वयावरून आयुष्याचा अंदाज बांधणारं संख्याशास्त्रीय वितरण) लावून पाहिलं. त्यातला बीटा (वयासोबत बिघाडाचा धोका वाढतो का ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे धोका कायम तेवढाच) 2.1 आला, म्हणजे झिजेचा बिघाड, वय बघून बदलणं फायद्याचं. पण विश्वासमर्यादा (खरा बीटा ज्या दरम्यान असू शकतो ती) 0.9 ते 3.6! बीटा खरंच 1 च्या आसपास असेल तर चालू बॅटरी काढून नवी टाकण्यात काहीच हशील नाही. न बिघडलेले 37 पंप सेन्सॉर्ड धरलेत, म्हणजे आजवर टिकले एवढंच ठाऊक, पुढचं नाही. ते वगळले की आयुष्य उगाच कमी दिसतं.

इतक्या थोड्या बिघाडांवर मॅक्सिमम लाइकलिहुडचा (हाती आलेल्या आकड्यांशी सर्वात जुळणारी किंमत निवडण्याच्या पद्धतीचा) बीटा फुगतो म्हणतात, तो दुरुस्त कसा करता? आणि वय कुठलं धरायचं, कॅलेंडरचं की चार्जिंगच्या फेऱ्यांचं? वॉर्डातले पंप कायम प्लगला, आयसीयूतले सतत फिरतीवर. दोन्ही एकत्र मोजलेत, तिथेच घोळ असावा असं वाटतंय.

चाकण-पिंपरीकडे गाड्यांची रिलायबिलिटी बघणारं कुणी आहे का इथे? एक्सेल पाठवतो, पेशंटची माहिती काढून.