‘एम्युलेट’ म्हणजे नक्कल नव्हे

धागाकर्ता:
परवा एक भाषांतर तपासताना वाक्य आले: ‘या तरुण गायिकेने आपल्या गुरूंची नक्कल केली.’ मूळ इंग्रजीत ‘एम्युलेट’ हे क्रियापद होते आणि गुरूंच्या तोडीचे गाण्याचा तिचा ध्यास सांगायचा होता. मराठीत मात्र ती गुरूंची टिंगल करते आहे, असे वाटू लागले. या क्रियापदाच्या मुळाशी ‘प्रतिस्पर्धी’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ज्याच्याविषयी आदर वाटतो त्याच्या बरोबरीला, जमल्यास त्याच्याही पुढे जाण्यासाठी धडपडणे, हा त्याचा गाभा. नक्कल ‘मिमिक’साठी ठेवावी, इथे ‘तोडीस तोड होऊ पाहणे’ असेच लिहावे, असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद १:
असहमत. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, व्युत्पत्तीतून नव्हे. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हा जुन्या १४०१ यंत्राचे प्रोग्राम तिच्यावर चालावेत म्हणून एम्युलेशनची सोय ठेवली होती. त्यात कसला आदर आणि कसली स्पर्धा? शिवाय आपल्याकडे ‘अनुकरणीय’ हा शब्द गौरवानेच वापरतात. तेव्हा ‘अनुकरण’ पुरेसे आहे.

धागाकर्ता:
‘अनुकरणीय’चा मुद्दा बिनतोड आहे, पण तो गौरव आदर्शाचा होतो, धडपडणाऱ्याचा नव्हे, ‘अंधानुकरण’ही त्याच शब्दातून निघाले आहे. कित्ता गिरवणारे मूल छापील अक्षरावरून पेन्सिल फिरवते, तोवर ते अनुकरण. तेच मूल कोऱ्या ओळीवर अक्षर काढून वरच्या अक्षराशी ताडून पाहते, खोडते आणि पुन्हा काढते, तेव्हा मला ‘एम्युलेट’ दिसते. संगणकाच्या उदाहरणातही नव्या यंत्राने जुन्यासारखे दिसायचे नसून त्याचे काम तंतोतंत पार पाडायचे असते, म्हणजे कस बरोबरीचाच लागतो.

प्रतिसाद २:
नक्कल चुकीची, हे मान्य. पण ‘होऊ पाहणे’ सर्वत्र चालणार नाही. ब्रिटिश क्रीडावृत्तांत एखाद्या खेळाडूने पूर्वीच्या विजेत्याला ‘एम्युलेट’ केले असे लिहितात, तेव्हा त्याने तेवढेच यश प्रत्यक्ष मिळवलेले असते. तिथे सरळ ‘बरोबरी साधली’ म्हणावे लागेल, नाहीतर जिंकलेला माणूस अजून धडपडतोच आहे, असा वाचकाचा समज होईल.

धागाकर्ता:
हे माझ्या नजरेतून सुटले होते. गायिकेच्या वाक्यात ‘होऊ पाहणे’ ठेवतो, विजेत्यासाठी ‘बरोबरी साधली’. ‘अनुकरण’ मात्र दोन्हीकडे नको, यावर मी ठाम आहे.