मीटर अजून आजोबांच्या नावावर

विषय: विद्यापीठातली ऊर्जा व्याख्यानमाला
मस्कतहून, भाचा

सर्व सभासदांना नमस्कार.

परदेशातल्या आपल्या गोवेकर मंडळाच्या यंदाच्या शिल्लकेतून गोव्यात एखादे उपयोगी काम करायचे, असे बैठकीत ठरले होते. गोवा विद्यापीठात ऊर्जेवर सर्वांसाठी खुली व्याख्यानमाला चालू आहे, असे आईने फोनवर सांगितले. पुढच्या वर्षी त्या व्याख्यानमालेला मंडळाने देणगी द्यावी असे मला वाटते. फोंड्याचे माझे मामा सगळ्या व्याख्यानांना जातात. ते जन्मभर लाईनमन होते, म्हणून त्यांनाही मंडळाच्या या ईमेल यादीत घेतले आहे. मामा, तिथे काय सांगतात ते सगळ्यांसाठी लिहाल का? आणि आईच्या घरावर सोलर बसवावा का? बिल वाढतेच आहे, आणि पावसात लाईट जायची ती जातेच.

---

उत्तर: विद्यापीठातली ऊर्जा व्याख्यानमाला
फोंड्याहून, मामा

चि. भाच्यास आशीर्वाद, मंडळींना नमस्कार.

चार व्याख्याने ऐकली. फोंड्याहून पणजी, तिथून ताळगावच्या पठारावर जाणारी दुसरी बस, आणि परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून प्रश्नोत्तरे अर्धी टाकून उठायचे. तरी गेलो. 35 वर्षे ज्या तारांवर चढलो, त्यांत वीज कुठून येते हे मला इतके नीट कोणी समजावले नव्हते.

पहिले व्याख्यान देशाच्या उद्दिष्टांवर होते. 2070 पर्यंत नेट झीरो, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन परत शोषून हिशेब शून्यावर आणायचा, 2030 पर्यंत कोळसा-तेल-वायू सोडून इतर मार्गांनी 500 गिगावॉट क्षमता. ते तुम्ही पेपरात वाचलेच असेल.

दुसरे आपल्या गोव्याचे होते. गोव्याची स्वतःची वीज नसल्यात जमा. बाहेरून येणाऱ्या विजेची एक वाट कोल्हापूरकडून कोलवाळला येते, दुसरी कर्नाटकातल्या आंबेवाडीहून फोंड्याला. कोरबा आणि विंध्याचल इथल्या कोळशाच्या केंद्रांत आपला वाटा आहे. म्हणजे तुझ्या आईच्या फ्रिजमधले बांगडे थंड राहतात ते बरेचसे छत्तीसगड-मध्यप्रदेशातल्या कोळशावर. धूर तिकडच्या लोकांच्या वाट्याला आणि गारवा आपल्या, हे ऐकून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

तिसऱ्या दिवशी मात्र जे घडले ते सविस्तर लिहितो. विषय छतावरच्या सोलरचा. शिरोड्याहून आलेल्या एक बाई उठल्या आणि कोकणीत विचारले, "लायट गेली म्हणटकच म्हजो सोलर कित्याक बंद जाता?" ऊन रणरणते आहे, छतावर पॅनेल आहेत, आणि पंखा बंद. वक्त्यांनी इंग्रजीत बरोबर उत्तर दिले, पण बाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होते की ते पोचले नाही. मी हात वर केला आणि परवानगी घेऊन आपल्या भाषेत सांगितले.

ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. तुमच्या घरातून वीज बाहेर गेली, तर गावाचा ट्रान्सफॉर्मर ती चढवून 11 हजार व्होल्टची करतो. वर खांबावर माणूस असतो, लाईन मेलेली आहे असे समजून. एका पावसाळ्यात माड पडून तार तुटली होती. आम्ही शटडाऊन घेतला आणि माझ्या हाताखालचा एक मुलगा चढला. घाईत अर्थिंग, म्हणजे तार जमिनीला जोडणे, केले नव्हते. खालच्या वाड्यावर कोणीतरी जनरेटर सरळ घरातल्या प्लगमध्ये जोडला होता. मुलगा वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. म्हणून सोलरचा इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःला बंद करून घेतो. ती त्याची खोट नाही, ते माझ्यासारख्यांच्या जिवाचे राखण आहे. लाईट गेल्यावरही घर चालवायचे असेल, तर बॅटरी आणि घराला लाईनपासून तोडणारा इन्व्हर्टर लागतो, आणि त्याने खर्च बराच वाढतो.

सभागृह शांत झाले होते. मग प्रश्नांवर प्रश्न आले, सगळे कोकणी-मराठीत. त्या दिवशी शेवटची बस चुकली.

आता तुझ्या आईचे घर. 1 किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतात आणि त्यांना शंभरेक चौरस फूट जागा लागते. 3 किलोवॉट घेतले तर केंद्राच्या सूर्यघर योजनेतून 78 हजार रुपये अनुदान आहे. आषाढात उत्पन्न खूप पडेल, ते धरूनच हिशेब कर. तोंड दक्षिणेला हवे आणि कल पंधराएक अंशांचा, कारण आपला अक्षांश तेवढाच. मागच्या कुळागरातला उंच माड दुपारी पडवीवर सावली टाकतो. एका पॅनेलवर सावली पडली की त्याच माळेतल्या बाकीच्यांचेही उत्पन्न घटू शकते, तेव्हा जागा चुलीच्या खोलीवरची बघ. मंगलोरी कौलांखालचे वासे आधी सुताराला दाखव. सांगाडा गंजणारा नको, खारा वारा आहे. आणि सोलरच्याही आधी जुने पंखे बदल. जुना 75 वॉट घेतो, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा, तिसाच्या आतबाहेर. चार पंखे रोज दहा तास फिरले तर महिन्याला पन्नासच्या वर युनिट वाचतात.

पण खरी अडचण वेगळीच आहे. अर्ज ज्याच्या नावावर मीटर, त्याचा. बिल काढून बघ कोणाचे नाव आहे. मी घरोघरी मीटर बघत फिरलो आहे. आपल्याकडे अर्धी बिले मेलेल्या माणसांच्या नावावर येतात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, झालेली नसते, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर वीस नावे, त्यातली बारा परदेशात. एकाचीही हरकत आली की काम अडते. गोव्यात उन्हाने तापणारी रिकामी छपरे काय कमी आहेत? त्यांचे मालक तुमच्यासारख्या मंडळांत आहेत. देणगी द्यायचीच तर व्याख्यानांचा सार मराठी-कोकणीत छापून पंचायतींत वाटायला द्या. आणि ज्याचे त्याने घराचे कागद सरळ करावेत. त्याला मंडळाच्या शिल्लकेची गरज नाही.

---

उत्तर: विद्यापीठातली ऊर्जा व्याख्यानमाला
बहारीनहून, एक वहिनी

मामा, तुमचे पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. एक विचारते. 2020 साली मोलेचे अभयारण्य वाचवायला आम्ही इथूनही सह्या केल्या होत्या. रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरच्या रुळांवर लोक रात्रभर बसले ते फोनवर बघत आम्हीही जागलो. ज्या कामांना विरोध होता त्यांत तमनार प्रकल्पाची, गोव्यात वीज आणणारी नवी 400 केव्ही (4 लाख व्होल्टची) लाईनही होती. सगळ्यांनी छतावर सोलर घातला तर ती लाईन नकोच, असे म्हणता येईल का? माझे माहेर सांगेचे आहे, म्हणून जिवाला लागते.

---

उत्तर: विद्यापीठातली ऊर्जा व्याख्यानमाला
फोंड्याहून, मामा

वहिनी, तसे म्हटले तर मी खोटे बोललो असे होईल. गोव्यात संध्याकाळी सातनंतर दिवे, टीव्ही, एसी, हॉटेले एकदम चालू होतात आणि तेव्हा ऊन नसते. साठवणूक स्वस्त आणि मुबलक होईपर्यंत रात्रीची वीज तारेनेच येणार. मोठ्या व्होल्टेजलाही कारण आहे. तीच वीज 220 ऐवजी 400 केव्हीने आणली तर करंट कमी होतो, आणि तार तीच असेल तर तारेतली गळती तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते.

पण लाईन हवी आणि जंगल तोडायला हवे, या दोन गोष्टी एक नाहीत. आंबेवाडीहून येणाऱ्या जुन्या 220 केव्ही लाईनची वाट जंगलात आधीपासून मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने 2021 मध्ये हेच सांगितले, नवी लाईन त्याच वाटेने न्या. मी पावसाळ्यात त्या बाजूला गस्त घातली आहे. तिथले झाड एकदा पाडले की खालचा ओहोळ मार्चमध्ये आटतो, हे डोळ्यांनी पाहिले. तुमच्या सह्या वाया गेल्या असे मी कधीही म्हणणार नाही. लोक बसले नसते तर जुनी वाट कोणाला आठवली असती?

छतावरचा सोलर दिवसाची मागणी उतरवतो. तेवढा कोळसा कमी जळतो. माझ्या लेखी ते पुरेसे कारण आहे.

---

उत्तर: विद्यापीठातली ऊर्जा व्याख्यानमाला
मस्कतहून, भाचा

मामा, आईने बिल काढले. मीटर आजोबांच्या नावावर आहे. ते 1988 मध्ये गेले. छत्तीस वर्षांहून जास्त काळ आम्ही त्यांच्या नावाने बिल भरतो आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

आजोबांचे वारस मोजले, आज अकरा भरतात. तिघे या यादीवरच आहेत, एक लिस्बनला, दोन आत्या मडगावला, बाकीच्यांचे पत्ते आई शोधते आहे. सारांश छापायचा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडतो, मराठी मजकूर वहिनींनी तपासावा ही विनंती. आमच्या घराचे म्हणाल तर यादीवरच्या तिघांनी चवथीला कोण कधी पोचणार ते या आठवड्यात कळवा. विसर्जनाआधी एक दिवस सगळे एकत्र बसू. लिस्बनच्या काकांना मी आज रात्री फोन करतो. मामा, त्यांना येता आले नाही तर त्यांची सही तिथून कशी घ्यायची, तेवढे फोंड्याच्या वकिलांना विचारून ठेवा.